आतेभावाच्या टॉर्चचा स्विच तीनदा निघाला, त्याची पूर्ण केस

माझा आतेभाऊ इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असतो आणि मी लेस्टरला, मध्ये गाडीने पाऊण तास. त्याला दीडेक वर्षापूर्वी एअरसॉफ्टचा नाद लागला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गनमधून ६ मिमीच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या मारायच्या, लागली की आपणच हात वर करून 'हिट' ओरडायचं आणि बाहेर यायचं, सगळा कारभार प्रामाणिकपणावर. आत्या फोनवर मला विचारते "अरे तो अजून त्या बंदुका खेळतो का रे, लग्नाचं वय झालं त्याचं", आणि मी हो म्हणतो, पण आता मीपण जातो हे काही सांगत नाही.

तर त्याच्या गनवरच्या टॉर्चचा प्रेशर स्विच एका हिवाळ्यात तीन वेळा निघाला. तीनही वेळा त्याने आधीपेक्षा जास्त जोरात चिकटवला किंवा बांधला, आणि तीनही वेळा तो निघालाच. शेवटी गन माझ्याकडे आली. सगळं सविस्तर लिहितोय, कारण नेटवर याचं उत्तर म्हणून नुसतं "चांगलं वेल्क्रो घे" एवढंच सापडतं आणि ते या केसमध्ये चुकीचं होतं.

आधी सामान काय ते सांगतो. गन म्हणजे बॅटरीवर चालणारी, अमेरिकन लष्कराच्या एम-फोर रायफलसारखी, पुढच्या हँडगार्डला (डाव्या हाताने धरतो तो नळीभोवतीचा भाग) चारही बाजूंनी दातेरी रेल, म्हणजे टॉर्चसारखं सामान अडकवायच्या पट्ट्या, असलेली जुन्या पद्धतीची. रंग पुढून आणि मागून भडक निळा. इथे २००६ च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन कायद्यामुळे खरी वाटणारी नकली बंदूक विकत घ्यायची तर आपण नियमित खेळाडू आहोत हे दाखवावं लागतं, याला तेव्हा दम नव्हता म्हणून याने निळी उचलली. मूळ काळ्या प्लॅस्टिकवर वरून स्प्रे मारलेला निळा. हा रंग पुढे गोष्टीत येणार आहे. टॉर्च उजव्या बाजूच्या रेलवर, १८६५० नावाच्या रिचार्जेबल सेलवर चालणारा, नावाजलेल्या टॉर्चची स्वस्त नक्कल. त्याच्या मागच्या टोपीतून एक पातळ वायर निघते आणि वायरच्या टोकाला बोटाएवढं लांब चपटं रबरी पॅड, हाच तो प्रेशर स्विच. पॅडच्या आत दोन पट्ट्या, मध्ये जरासं अंतर, दाबलं की टेकतात आणि लाईट लागतो, सोडलं की बंद. म्हणजे डाव्या हाताचा अंगठा जिथे पडतो तिथे पॅड असलं की हात न हलवता लाईट. जुन्या बंद कारखान्यात खेळ असतो, आत मिट्ट काळोख, तिथे हे बटण म्हणजे जीव की प्राण.

पहिला प्रसंग नोव्हेंबरातला. शनिवारी रात्री याने गॅरेजमध्ये उभं राहून पॅडसोबत आलेलं चिकट पाठीचं वेल्क्रो वरच्या रेलवर लावलं, पाच मिनिटं दाबून धरलं, ओढून बघितलं, मस्त बसलं होतं. रविवारी दुपारच्या जेवणाच्या आत पॅड लोंबत होतं. मला व्हॉट्सॅपवर फोटो, खाली "दादा हे निघालं रे".

दुसरा प्रसंग दोन आठवड्यांनी. आता याला कुणीतरी सांगितलं की दातेरी रेलवर चिकटवायचं नाही, सपाट जागा बघ. ते बरोबरच होतं म्हणा. म्हणून डावीकडच्या रेलवर जे प्लॅस्टिकचं कव्हर बसतं, निळं, गुळगुळीत, त्यावर लावलं, आणि साधं नाही तर महागाची दुहेरी टेप आणून लावलं. हे दुपारपर्यंत टिकलं. मग निघालं ते असं की टेपच्या पाठीला पूर्ण निळा रंग चिकटून आला आणि खाली कव्हर काळं दिसायला लागलं.

तिसऱ्या वेळी साहेब चिडलेले. वरच्या रेलवर परत पॅड ठेवून तीन झिप टाय, दोन टोकांना दोन आणि बरोबर मध्ये एक, पक्कडीने खेचून आवळल्या. निघणं शक्यच नाही. आणि खरंच निघालं नाही, पण दुसऱ्या गेमला हा दाराआड दबा धरून बसला असताना लाईट आपोआप चालू, आणि याला पत्ता नाही कारण तो दुसरीकडे बघतोय, दाराखालून उजेडाची पट्टी बाहेर कॉरिडॉरमध्ये. समोरच्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको. नंतर टॉर्च लागेच ना, मग लागला, मग फडफडायला लागला. जेवणाच्या सुट्टीत याने सेल बदलला, दुपारच्या पहिल्याच गेममध्ये वायरला हिसका बसून एका टोकाची टाय पॅडवरून सरकली, पॅड तिरकं झालं आणि लाईट कायमचा गेला. तिथेच "हा टॉर्चच भंगार आहे" असा निकाल देऊन टाकला त्याने. पुढच्या शनिवारी गन घेऊन माझ्या घरी.

मी बारावीनंतर दोन वर्षं कऱ्हाडला मामाच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात बसायचो. ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा, सगळ्यांची वायरिंग. तिथे एक गोष्ट हाडात मुरली, ती अशी की बल्ब गेला म्हणून गाडी आली तर दहात आठ वेळा बल्ब शाबूत असतो, वायर कुठेतरी घासलेली नाहीतर ओढलेली असते. त्यामुळे मी पॅडकडे न बघता आधी वायर बघितली. (त्याच्याही आधी मॅगझिन काढलं, सुरक्षित दिशेला दोन वेळा ट्रिगर दाबून आत गोळी राहिली नाही ना बघितलं, मग गनची बॅटरी काढली. खेळणं असलं तरी गोळी डोळ्यात गेली तर डोळा जातो, आणि घरी टेबलावर काम करताना कुणी गॉगल घालत नाही.)

बघितलं तर टॉर्चच्या शेपटापासून पॅडच्या जागेपर्यंत सरळ अंतर फार तर सहा सेंटीमीटर. वायर होती अठरा. उरलेली बारा सेंटीमीटर कुठे? तर हँडगार्डच्या बाजूला मस्त कानातल्या डुलासारखी लोंबत होती. मी विचारलं "ही अशीच असते?" तर म्हणे "हो, ती मध्ये येत नाही माझ्या". तुझ्या नाही येत रे बाबा. मी त्याला गन पट्ट्याला लावून गळ्यात घालायला सांगितली, मग पिस्तूल काढल्यासारखं करून गन सोडून द्यायला सांगितली, जशी खेळात सोडतात तशी. पाच वेळा सोडली. त्यातल्या दोन वेळा तो वायरचा डूल छातीवरच्या मॅगझिनच्या पाऊचच्या कोपऱ्यात अडकला, आणि एकदा पट्ट्याच्या बकलात. म्हणजे दर वेळी सगळ्या गनचं वजन, तीन किलोच्या आसपास, क्षणभर त्या पातळ वायरवर येत होतं आणि वायरचं दुसरं टोक म्हणजे पॅड.

मग मी त्याचे जुने फोटो परत उघडले. पहिल्या फोटोत पॅडचं पुढचं टोक अजून चिकटलेलं आणि वायर निघते ते टोक उचललेलं. दुसऱ्यातही तेच, रंग ज्या बाजूने आधी सोलला तीच वायरची बाजू. म्हणजे गोंद कमी पडत नव्हता. दुसऱ्या वेळी तर गोंदाने रंग सोडला नाही, रंगाने प्लॅस्टिक सोडलं. पॅड आपणहून कधीच निघालं नव्हतं, वायर त्याला कोपऱ्यापासून सोलून काढत होती.

सोलणं हा शब्द इथे महत्त्वाचा. बाथरूमच्या आरशावर बायका टिकली लावून ठेवतात ना, ती बोटाने बाजूला ढकलून बघा, सरकत नाही सहज. पण कडेने नख घातलं की अलगद हातात येते. गोंद तोच, टिकली तीच. ढकलताना सगळ्या टिकलीचा गोंद एकदम विरोध करतो, सोलताना एका वेळी फक्त कडेची एक रेघ. आमची वायर म्हणजे ते नख होतं. अशा वेळी दुप्पट भारी टेप आणून फारसा फरक पडत नाही, नख तेच राहतं.

बाकी दोन चुका होत्याच, त्या पण सांगतो. दातेरी रेलवर चिकटवणं मुळात अर्धं चिकटवणं असतं. या दातेरी रेलला पिकॅटिनी रेल म्हणतात, तिचं अमेरिकन लष्करी माप १९९५ चं आहे, त्यात एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत १०.०१ मिमी आणि त्यातली खाचच ५.२३ मिमी. म्हणजे टेपखाली निम्म्याहून जास्त हवा. आणि दुसरं, गॅरेज. नोव्हेंबरातल्या रात्री इथल्या गॅरेजमध्ये चार-पाच डिग्री असतात. दाबून चिकटणाऱ्या टेपचा गोंद थंडीत कडक होतो, पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत उतरतच नाही. थ्रीएम कंपनीच्या व्हीएचबी या दुहेरी टेपच्या माहितीत बहुतेक प्रकारांसाठी १० अंशांच्या खाली लावू नका असं स्पष्ट दिलेलं असतं, लावायला २१ ते ३८ चांगले. शिवाय पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात, वीस मिनिटांत साधारण ५० टक्के आणि २४ तासांत ९० टक्के. हा शनिवारी रात्री अकराला थंडीत लावून रविवारी सकाळी नऊला मैदानात. पाच मिनिटं दाबून धरल्याचं समाधान तेवढं होतं.

आता लाईट गेला त्याचं. मल्टिमीटर बीपवर लावला (जोडणी अखंड असली की वाजतो), टोपी काढून तिच्या आतल्या दोन संपर्कांना टोकं टेकवली आणि आतेभावाला पॅड दाबून धरायला सांगितलं. बीप नाही. मग मी वायर हळूहळू बोटांनी वाकवत गेलो, पॅडपासून टोपीकडे. टोपीच्या तोंडाशी, जेमतेम एक सेंटीमीटरवर, वाकवली की "बीईईप", सोडली की गप्प. वरचं रबर अगदी नव्यासारखं आणि आतली तांब्याची तार तुटलेली. हे फक्त ओढण्याने नव्हतं झालं. मी विचारलं सेल कसा बदलतोस, तर म्हणाला टोपी फिरवून. म्हणजे वायर पॅडला अडकलेली, पॅड गनला अडकलेलं, आणि हा प्रत्येक सेल बदलताना टोपीचे चार-पाच आटे फिरवतोय, वायरला तेवढेच पीळ, मग परत उलटे. तार तुटणार नाही तर काय होणार! त्याचा टॉर्च पुढून, काचेच्या बाजूनेही उघडतो. हे त्याला माहीतच नव्हतं. दोघंही जरा गप्प झालो मग चहा केला.

आणि झिप टायचं कोडं तर दिसतच होतं. टोकाची जी वायरकडे होती ती सरकली होती, पण मधली टाय पॅडच्या कामाच्या भागावरून गेली होती. घरी आवळली तेव्हा पट्ट्या जेमतेम टेकायच्या राहिल्या होत्या, नंतर हाताचा जरा दाब आला, पॅड थोडं सरकलं, झालं कायमचं ऑन. असंच पॅड गोल नळीवर वाकवून बांधलं तरी होतं, वाकल्यावर आतल्या पट्ट्या आपोआप टेकतात. पॅडला सपाट जागाच लागते.

दुरुस्तीसाठी मी त्याला नवीन शेपटाची टोपी वायरसकट मागवायला सांगितली, कारण तुटलेली तार तिथे झाळून उपयोग नाही, झाळलेल्या जागेच्या शेजारीच परत तुटते, हे मामाकडे शंभरदा बघितलंय. सोबत एक रेल पॅनल मागवलं, म्हणजे रेलच्या दातांवर बसणारं रबरासारखं कव्हर, पण याच्या पाठीवर पॅड बसेल एवढी खोबण असते. पाच-सहा पौंडात आलं. ज्यांच्याकडे दात्यांऐवजी खाचा असलेला एम-लॉक हँडगार्ड आहे, जी पद्धत मॅगपुल या अमेरिकन कंपनीने २०१४ ला आणली, त्यांना खाचेत स्क्रूने बसणाऱ्या तशाच प्लेटा मिळतात, फक्त आपल्या पॅडच्या मापाची आहे ना बघून घ्यायचं.

जागा कुठली, हे डोळे मिटून ठरवलं. त्याला हिवाळी हातमोजे घालायला लावले, डोळे मिट, गन खांद्याला लाव, खाली घे, परत लाव, असं दहा वेळा. दर वेळी अंगठा जिथे पडला तिथे मी मास्किंग टेपचा तुकडा लावत गेलो. तुकड्यांचा घोळका पडला तो त्याच्या आधीच्या जागेपासून तब्बल चार सेंटीमीटर पुढे. म्हणजे इतके दिवस हा अंगठा मागे ओढून पॅड शोधत होता, आणि त्या शोधण्यातही पॅडला ढकलत होता.

मग पॅड पॅनलच्या खोबणीत. तळाशी टेप लावलीच, पण यावेळी माझ्या स्वयंपाकघरात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसून, हेअर ड्रायरने जरा कोमट करून, आणि बुधवारी रात्री म्हणजे रविवारपर्यंत तीन दिवस. टेपचं काम आता फक्त पॅड हलू न देणं, ओढ सोसणं नाही.

टोकं बांधायला झिप टाय नाही वापरल्या. सायकलची जुनी ट्यूब घेतली, कात्रीने दीड सेंटीमीटर रुंद कडी कापली. गावाकडे दूधवाले मोटरसायकलला किटल्या कशाने बांधतात? ट्यूबनेच. खड्ड्यातून गाडी उडाली तरी किटली जागेवर. इथल्या दुकानात हेच रबर पाकिटात घालून टॅक्टिकल म्हणून विकतात, आतेभावाच्या कार्टमध्ये पडलेलं होतं, मी काढायला लावलं. दोन कडी, हँडगार्डवरून सरकवून पॅडच्या दोन टोकांवर. टोकांवरच. पॅड बोटाने इंच इंच दाबत गेलं की कळतं कुठपर्यंत लाईट लागतो, टोकाला थोडासा भाग मुका असतो, रबर त्या मुक्या भागावर बसवायचं. बसवल्यावर टॉर्च अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं ठेवून बघितला, गन इकडून तिकडून दाबली, लाईट आपोआप लागत नाही ना.

आणि आता खरं काम, वायर. पॅडमधून वायर निघते तिथून दोन सेंटीमीटरवर तिला रेलच्या खाचेत झिप टायने बांधली, मध्ये ट्यूबचा तुकडा गुंडाळून म्हणजे टाय वायरला चावणार नाही. पॅड आणि या गाठीच्या मध्ये वायर ताठ नाही, थोडी सैल, अगदी छोटं वळण. म्हणजे वायरला कितीही हिसका बसला तरी तो या गाठीवर संपतो, पॅडपर्यंत पोचतच नाही. दुसरी गाठ टॉर्चच्या टोपीजवळ, तिथेही टोपीपासून बोटभर वळण सोडून. मधली जास्तीची वायर आडवी न ठेवता रेलच्या लांबीत इंग्रजी एससारखी दुमडून पॅनलच्या कडेखाली सरकवली, वळणं मात्र करंगळीच्या जाडीपेक्षा लहान नाहीत. बाहेरून हात फिरवला तर कुठेच बोट अडकत नाही, आणि मी तेच बघत होतो.

परीक्षा घ्यायची म्हणून दोन गाठींच्या मधल्या वायरला सुतळी बांधून पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली लोंबकळवली, गन उलटी धरून. आधी जुन्या पद्धतीने, म्हणजे त्या खराब झालेल्या वायरचं पॅड नुसत्या वेल्क्रोवर लावून केलं, तर मिनिटभरात वायरकडचं टोक चर्र करत उचललं गेलं. दोघांनी अगदी वाकून बघितलं, आधी एक केसाएवढी फट, मग ती मोठी होत गेली. नवीन बांधणीत बाटली पाच मिनिटं लोंबली, गाठ जरा ताणली, पॅड ढिम्म. आतेभाऊ म्हणाला "दादा, एक लिटरची लावू का?" म्हटलं नको, वायर माझ्या पैशाची आहे.

तेव्हापासून पाच रविवार झालेत. पॅड जागेवर आहे, एक रबरी कडं तिसऱ्या रविवारी कुठेतरी घासून फाटलं, तिथेच पार्किंगमध्ये दुसरं चढवलं, सेकंदाचं काम. सेल पुढून बदलतो आता. एक तक्रार शिल्लक आहे, जाड हातमोजे घातल्यावर पॅड कुठून सुरू होतं ते अंगठ्याला कळत नाही, त्यासाठी पॅडच्या थोडं मागे, कामाच्या भागावर नाही, स्केटबोर्डच्या खरखरीत टेपचा छोटा चौकोन लावलाय. तो बरा चाललाय असं तो म्हणतो, मला स्वतःला अजून खात्री नाही, पावसात त्याची कड उचलायला लागलीय. बघू.

परवा त्याने नवीन फोटो पाठवला. वॉकीटॉकीचा हेडसेट घेतलाय, छातीवर बोलायचं बटण, आणि बटणापासून कमरेपर्यंत वायर, हातभर, मोकळी, झोक्यासारखी. खाली "कसं दिसतंय दादा?" मी उत्तर नाही दिलं, ट्यूबची चार कडी कापून पाकिटात घातली आणि पोस्टात टाकली.